बाग फुललेली, तरी मधमाश्या-फुलपाखरं फिरकत नाहीत. देशी झाडं सुचवा

सोनसावर | ६ जून, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत चाळीस फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी मातीची पट्टी आहे. चार वर्षांपूर्वी ती मी मागून घेतली. नर्सरीतून पिटुनिया, दुहेरी झेंडू, क्रोटन, गुलाब आणले, कडेला फायकसचं कुंपण केलं. फोटो काढावेत अशी बाग झाली, शेजाऱ्यांनी कौतुकही केलं.

त्याच पट्टीच्या टोकाला मांडवावर दोडका चढवला होता. फुलं अमाप, पण दोडका एक नाही. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढा दोडका दिसायचा आणि चार दिवसांत पिवळा पडून गळायचा. खत बदललं, पाणी कमी केलं, ताक शिंपडलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तुझ्याकडे माश्याच नसतील." मग आठ दिवस सकाळी सात ते नऊ चहाचा कप घेऊन तिथे बसले. मुंग्या दिसल्या, एक गांधीलमाशी दिसली. मधमाशी एकही नाही. आजोळच्या परसात माश्यांची गुणगुण सकाळभर थांबायची नाही, आणि तिथे तर कुणी मुद्दाम बाग केलेली नव्हती.

दुसरी गोष्ट कढीपत्त्याची. कुंडीतल्या झाडावर दरवर्षी अळ्या व्हायच्या आणि मी त्या चिरडून टाकायचे. यंदा नातीने हात धरला, म्हणून एक सोडली. आधी ती हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी, तपकिरी-पांढरी. कात टाकत टाकत हिरवीगार झाली. काडीने हलकेच टोचलं तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेली जीभ बाहेर आली आणि उग्र वास सुटला. पुढे एका फांदीला रेशमाच्या धाग्याने स्वतःला बांधून घेऊन तिने कोष केला, आणि बाराव्या दिवशी सकाळी त्यातून काळं, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं फुलपाखरू निघालं. कॉमन मॉर्मन. तासभर पंख वाळवत बसलं होतं. इतकी वर्षं मी यांनाच मारत होते आणि वर फुलपाखरं का येत नाहीत म्हणून विचारत होते.

एक चूक इथेच कबूल करते. तीन-चार वर्षांपूर्वी मी पावसाच्या तोंडावर वेताळ टेकडीवर कॉसमॉसच्या बिया मुठीमुठीने फेकल्या होत्या. टेकडी पिवळी दिसेल, माश्यांना मध मिळेल, एवढंच मनात होतं. आता तिथे कमरेएवढं कॉसमॉस माजलेलं बघते तेव्हा पोटात खड्डा पडतो.

तर मदत हवी आहे. पट्टीला अर्धा दिवस ऊन, अर्धा दिवस सावली. इथल्या मातीतली कुठली झाडं लावू? मे महिन्यात आणि भर पावसात काय फुलतं? आणि आमच्या सेक्रेटरींना पाचोळा आणि 'जंगल' चालत नाही, त्यांना कसं पटवू?

---

कुसरवेल | ६ जून, दुपारी १:४०

ताई, धागा मनापासून आवडला. मी चिपळूणजवळची, झाडं घरचीच.

अडुळसा आणि निर्गुडीपासून सुरुवात करा. दोन्ही फांदी खोचून लागतात, गुरं तोंड लावत नाहीत, पहिला उन्हाळा निघाला की पाणीही फारसं मागत नाहीत. अडुळसा हिवाळ्यात फुलतो. त्याच्या पांढऱ्या, जबडा वासल्यासारख्या फुलात मोठा काळा भुंगा शिरतो तेव्हा फुलाचा वरचा ओठ त्याच्या पाठीवर टेकतो आणि पराग नेमका तिथे लागतो. निर्गुडीचे जांभळे तुरे पावसापासून थंडीपर्यंत चालतात, लहान माश्या तिथून हलत नाहीत.

मे महिन्यासाठी कुडा आणि कुसर. कुसर म्हणजे रानजाई. मांडवावर चढवलीत तर एप्रिल-मे मध्ये रात्रभर घमघमेल. जागा असती तर बहावा आणि ताम्हणही सांगितले असते. भर पावसात भारंगी. तिला अर्धी सावली मानवते, निळसर फुलं येतात आणि कोवळ्या पानांची भाजी होते. मग तेरडा, तो तर बी पडून आपोआप येतो. सप्टेंबरनंतर काटेकोरांटी, तिच्यावर लेमन पॅन्सी फुलपाखरू अंडीही घालतं. उन्हाच्या टोकाला धायटी लावा, जानेवारी-फेब्रुवारीपासून लाल फुलं धरते आणि शिंजीर पक्षी तिथून हटत नाहीत.

एक वेल आग्रहाने सांगते: सापसण, काही जण ईश्वरी म्हणतात. क्रिमझन रोज आणि कॉमन रोज या फुलपाखरांच्या अळ्या ह्याच वेलींच्या कुळावर जगतात. पानातलं विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. पण विष ते विषच. औषधी आहे असं ऐकून कुणी पानं खाऊ नयेत.

आणि तुमच्या सोसायटीत ते सरळसोट उभे अशोक असतीलच. सीतेचा अशोक नव्हे, आसुपालव. त्याच्या कोवळ्या पानांवर टेल्ड जे फुलपाखरू अंडी घालतं. तिथे औषध मारू देऊ नका, एवढं केलंत तरी पुष्कळ.

---

बांधावरचा | ६ जून, रात्री ९:०५

नगर जिल्ह्यातून लिहितोय. बागेतलं मला फार कळत नाही, पण माशी नसली की काय होतं ते मी पैसे मोजून शिकलोय.

आमच्याकडं कांद्याचं बी धरतात, त्याला डेंगळे म्हणतो. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकून झडतो आणि मादीचा भाग नंतर तयार होतो. म्हणजे फुलाचं स्वतःचं स्वतःला काही उपयोगाचं नाही, दुसऱ्या फुलावरनं कुणीतरी आणून द्यावं लागतं. वाऱ्यावर ते काम भागत नाही. माशीच लागते.

एका वर्षी फुलकिडे लई झाले म्हणून ऐन फुलोऱ्यात सकाळी नऊला फवारणी घेतली. दुकानदारानं सांगितलं होतं, काही होत नाही. दुपारी सऱ्यांमधनं चाललो तर माश्या पालथ्या पडलेल्या, पाय हलवत होत्या. ते चित्र डोळ्यापुढनं जात नाही. गोंडे बाहेरनं दिसायला चांगले, हातावर चोळले तर फोल. एकरात जेवढं बी व्हायचं त्याच्या पाव पण झालं नाही.

पुढच्या वर्षी मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणल्या. त्या माणसानं मला विचारलं, "दादा, तुमचे डेंगळे तीन आठवडे फुलणार. बाकीचे एकोणपन्नास आठवडे माशीनं काय खायचं?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. आता बांधावर बोर, करंज, कडुनिंब, शेवगा आहे. बोर भाद्रपद-अश्विनात फुलते, मग तूर, मग डेंगळे, आणि ते उलगले की करंज-कडुनिंब. फवारणी लागलीच तर दिवस मावळल्यावर, आणि फुलोऱ्यात अजिबात नाही.

ताई, तुमच्या पट्टीचं पण तेच. एकदम पंचवीस झाडं एका महिन्यात फुलवू नका. साखळी तुटू देऊ नका.

---

वाटसरू७१ | ७ जून, सकाळी ८:२०

एवढा विचार कशाला? घाणेरी लावा. आमच्या फार्महाऊसच्या कुंपणाला आहे, फुलपाखरांचा थवा असतो कायम. कॉसमॉसवरही माश्या बसतातच की. माशीला काय कळतं देशी-विदेशी?

---

अंजनी | ७ जून, सकाळी ११:५५

वाटसरूदादा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, घाणेरीवर फुलपाखरं येतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि मुलांना घेऊन डोंगरांवर जाते, म्हणून पुढचा भाग सांगते.

फुलपाखरू मध पुष्कळ फुलांवर पितं, पण अंडी मोजक्याच झाडांवर घालतं. घाणेरीवर मध पिणाऱ्या त्या थव्यातल्या बहुतेकांची अळी घाणेरीचं पान खात नाही. ती अळी ज्यावर वाढली ते झाड जवळपास कुठेतरी शिल्लक आहे, म्हणून थवा दिसतो. आणि घाणेरी नेमकी त्या झाडांचीच जागा घेते. पक्षी फळं खाऊन बी दूरवर टाकतात, तिच्या दाट जाळीखाली कारवीचं, करवंदाचं रोप उठत नाही. दहा वर्षांनी फुलं राहतील, पाखरं राहणार नाहीत.

कॉसमॉसचं तसंच. मूळचं मेक्सिकोकडचं. लोक फोटो टाकून खाली 'सोनकी' लिहितात तेव्हा मला फार वाईट वाटतं. सोनकी बुटकी, पिवळीधमक, कातळावरच्या चार बोटं मातीत उगवणारी. कॉसमॉस उंच, नारिंगी झाक असलेलं, पाकळीच्या टोकाला खाचा आणि पानं कातरलेली. एकदा शेजारी शेजारी बघितलंत की पुन्हा चुकणार नाही. सोनसावरताई, मन खात असेल तर सप्टेंबरात बी धरायच्या आत उपटायला या. ओल्या मातीतून मुळासकट निघतं.

दुहेरी झेंडूबद्दल: त्यात पराग-मधाच्या जागी पाकळ्याच पाकळ्या भरलेल्या असतात. माशी येते, चाचपते, निघून जाते. दसऱ्याला तोरणाला हवा तर जरूर लावा, पण शेजारी तुळस आणि सब्जा फुलू द्या. आपण मंजिऱ्या खुडून टाकतो. एका तरी रोपाच्या ठेवा आणि मग बघा.

---

पानफुटी | ७ जून, दुपारी ३:३०

अंजनीताई, एक शंका, वाद म्हणून नाही. माझ्या आयडीचं झाड मूळचं मादागास्करचं, तरी आपलं रेड पिअरो फुलपाखरू त्यावर वाढतं. अळी पानाच्या दोन सालींच्या मधला गर खात आत फिरते, उन्हाकडे पान धरलं की काळी सावली सरकताना दिसते. मग हे झाड काढायचं का?

---

अंजनी | ७ जून, दुपारी ४:१०

मुळीच नको! ते तुमच्या कुंडीत गुण्यागोविंदाने आहे. परदेशी म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही, मिरची-टोमॅटोही बाहेरूनच आले. जे झाड कुंपण ओलांडून रान गिळतं त्याची मला भीती वाटते. कुंडीतली पानफुटी ठेवा, छाटलेले तुकडे मात्र टेकडीवर किंवा ओढ्यात फेकू नका. एकेका पानातून रोप उठतं.

---

तिसरामजला | ७ जून, रात्री १०:४८

डोंबिवली. दहा बाय तीनची बाल्कनी, ग्रिलमधली. माझ्यासारख्यांसाठी लिहिते: मोठ्या कुंडीत कढीपत्ता, एका कुंडीत सब्जा, एकात काटेकोरांटी, आणि एक लिंबाचं रोप जे फळासाठी नाही, अळ्यांसाठीच आहे. लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर नीलवंत वाढतं, म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू. ते अजून आलेलं नाही. लाइम बटरफ्लाय तीनदा वाढली.

मातीच्या परळात पाणी ठेवते आणि त्यात दगड टाकते. दगड नसले तर माशी बुडते, हे मी दोन मेलेल्या माश्या काढल्यावर शिकले. गुलाबाच्या पानांना नाण्यासारखे गोल काप गेलेले दिसले तर कीड समजून घाबरू नका. पानकापी माशी ते तुकडे पिल्लांच्या घराला नेते.

---

माघवद्य | ८ जून, सकाळी ६:५०

सोनसावरताई, तुमचं दोडक्याचं वाचलं आणि झोप लागेना. तुम्ही सकाळी सात ते नऊ बसलात. दोडका संध्याकाळी उमलतो! चार-पाच वाजल्यानंतर. पडवळ आणि दुधी त्याहून उशिरा, म्हणून तर त्यांची फुलं पांढरी, अंधारात दिसणारी. ते रात्रीच्या पतंगांचं काम. तांबडा भोपळा पहाटे उमलतो, घोसाळं आणि कारलं सकाळी. तुमच्या मांडवाशेजारी सोसायटीचा मोठा दिवा आहे का? पतंग दिव्याभोवतीच फिरत राहतो, फुलावर येतच नाही.

तूर्त हाताने करा. संध्याकाळी सहाला नर फूल खुडा, पाकळ्या मागे करा, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो.

पतंगांसाठी पारिजातक आणि तगर लावा. तगरीवर मोठ्या हिरव्या पतंगाची अळी होते, ती पानं खाईल, खाऊ द्या. झाड पुन्हा फुटतं.

आणि उंबर असेल तर तोडू देऊ नका. उंबराचं फूल दिसत नाही म्हणून आपण क्वचित भेटणाऱ्या माणसाला 'उंबराचं फूल' म्हणतो. फुलं फळाच्या आत असतात, आणि फोडल्यावर उडणारी ती केंबरं म्हणजेच त्याचं परागीभवन करणारे चिमुकले कीटक. उंबराची केंबरं वेगळी, वडाची वेगळी. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही.

---

हडसनकाठी | ८ जून, दुपारी १२:१५

न्यूजर्सीहून. इथे मी मोगरा-तुळस घरात कुंडीत ठेवते, अंगणात मात्र इथलंच मिल्कवीड लावलंय, मोनार्क फुलपाखरांसाठी. हा धागा वाचताना लक्षात आलं की हे आपल्या रुईच्याच कुळातलं. आणि रुईवर वाढणारं प्लेन टायगर हे मोनार्कचं भावंडच, दोघांचंही वंशनाम (जीनस) दानाउस. लहानपणी शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडताना पट्टेरी अळ्या दिसायच्या. त्या हाताला लागल्या की मी किंचाळायचे. आता इथे तशाच अळ्यांची रोज मोजणी करते.

---

सातेरी | ८ जून, संध्याकाळी ७:३०

सेक्रेटरींच्या भीतीबद्दल. बहुतेकांना माशी म्हटलं की आग्याच आठवतो. आग्या उघड्यावर मोठं एकच पोळं बांधतो, तो चिडला तर जिवावर बेततं, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण सातेरी ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते, फुलोरी झुडपात तळहाताएवढं लहानसं पोळं लावते, पोयाची माशी तर डंखच मारत नाही. भुंग्याला बांबूचा किंवा वाळलेल्या शेवग्याचा ओंडका पुरतो. जमिनीत एकटी बिळं करून राहणाऱ्या माश्या कितीतरी आहेत, त्यांना फक्त मोकळी माती लागते. पेव्हर ब्लॉक घातले की त्यांचं घर संपलं.

इमारतीवर आग्या बसलाच तर धूर, पेटते बोळे, औषध काही करू नका. खालून मुलांना लांब ठेवा, रात्री त्या बाजूचे दिवे बंद ठेवा. तो हंगामी पाहुणा असतो, काही महिन्यांत उठून जातो. जाण्यायेण्याच्या वाटेवरच असेल तर जाणकार माणूस बोलवा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. आमच्या महाबळेश्वरकडे मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' झालं. सेक्रेटरींना एकदा तिकडे फिरवून आणा.

---

सोनसावर | १९ ऑक्टोबर, सकाळी ८:३५

मंडळी, उशिरा लिहिते आहे, पण लिहिण्यासारखं झालं म्हणून.

फायकसचं कुंपण अर्धं काढलं. अडुळशाच्या नऊ फांद्या खोचल्या, सात लागल्या. निर्गुडी सगळी लागली. भारंगी दोन मेल्या, एक तग धरून आहे. कुसर अजून गुडघ्याएवढीच. सापसणीचं रोप कुसरवेलने कुरियरने पाठवलं, खोक्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून. तिचे आभार कसे मानू कळत नाही.

माघवद्यदादा, दिवा होता! मांडवाच्या बरोब्बर वर. वायरमनकडून तो फाटकाकडे हलवून घेतला. जुलैत हाताने परागीभवन केलं, अकरा दोडके निघाले. सप्टेंबरात हात लावायचं थांबवलं आणि एका संध्याकाळी पावणेसातला राखाडी रंगाचा जाडजूड पतंग फुलापुढे हवेत उभा राहिलेला पाहिला, सोंड लांब करून. त्यानंतरही दोडके धरले. आईला पहिला नेऊन दिला.

अंजनीताईंबरोबर तीन रविवार टेकडीवर गेले. उपटलेल्या कॉसमॉसचे ढीग लागले, तरी पुढच्या वर्षी पुन्हा येईल हे दिसतंच आहे. मीही येणार आहे.

सेक्रेटरींना पटवायला फार बोलावं लागलं नाही. भिंतीच्या कोपऱ्यात तीन फूट माती मी उघडी ठेवली आहे, पाचोळाही न टाकता. तिथे ऑगस्टपासून निळ्या पट्ट्यांच्या माश्या बिळं करतात. टोमॅटो-वांग्याच्या फुलातला पराग नुसतं बसून निघत नाही, फूल पकडून अंग थरथरवावं लागतं. मधमाशीला ते जमत नाही, हिला जमतं. तर यांचे नर बिळात झोपत नाहीत. अंधार पडायच्या बेताला वाळलेल्या तुळशीच्या एकाच काडीवर येतात, काडी जबड्यात धरतात, पाय आवळून घेतात आणि रात्रभर तसेच ओळीने लोंबकळत राहतात. सेक्रेटरी बॅटरी घेऊन खाली आले, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ही काडी छाटू नका हं." आता ते रोज मोजतात. काल अकरा होत्या.

अडुळसा पुढच्या पावसाआधी छाटेन. कोथरूडच्या आसपास ज्यांना फांद्या हव्या असतील त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काटेकोरांटीचं बी डिसेंबरात तयार होईल, तेही पाठवते.